झेंड्यातल्या लाल रंगाचा अर्थ कुणी ठरवला? सिटिझनशिपची तयारी करणाऱ्या आईंना काय सांगाल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या आई ६८ वर्षांच्या, अमेरिकेच्या सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूची तयारी चाललीय, आणि त्यांनी तुम्हाला विचारलं की अमेरिकेच्या झेंड्यातला लाल म्हणजे काय, पांढरा म्हणजे काय, निळा म्हणजे काय. तुम्ही नेटवर शोधलं तर तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली, एकीकडे लाल म्हणजे सैनिकांचं रक्त, दुसरीकडे शौर्य, तिसरीकडे तो इंग्रजांच्याच झेंड्यातून आलेला रंग. त्यात मुलगा शाळेतून ऐकून आला की झेंडा बेट्सी रॉस नावाच्या बाईनं शिवला, आणि फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलं की डॉलरवरचा डोळा आणि पिरॅमिड ही गुप्त संघटनेची खूण आहे. आई म्हणतात अर्थ कळल्याशिवाय मी पाठ करणार नाही. मग त्यांना खरं काय सांगायचं, हा तुमचा प्रश्न.

मी न्यू जर्सीत आमच्या गावच्या लायब्ररीत गेली बारा वर्षं शनिवारी सिव्हिक्सचा, म्हणजे सिटिझनशिपच्या परीक्षेच्या तयारीचा क्लास घेते, आपली मराठी, गुजराती, तेलुगू मंडळी बरीच असतात आणि त्यात तुमच्या आईंसारखे आजी-आजोबा निम्म्याहून जास्त. हा प्रश्न मला दर बॅचला येतो. आणि तो का येतो तेही मला आता कळलंय. आपण तिरंग्यावर वाढलोय. २२ जुलै १९४७ ला घटना समितीनं तिरंगा स्वीकारला तेव्हा त्याच सभेत राधाकृष्णन यांनी उभं राहून केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे प्रकाश आणि सत्याचा मार्ग, हिरवा म्हणजे मातीशी नातं, चक्र म्हणजे धर्म आणि गती असं समजावून सांगितलं. त्यामुळे झेंडा म्हटलं की रंगाचा अर्थ असणारच आणि तो पहिल्या दिवसापासून ठरलेला असणार असं आपण धरून चालतो. अमेरिकेच्या झेंड्याचं तसं झालेलं नाही, आणि तुमचा सगळा गोंधळ तिथेच आहे.

पण आधी परीक्षेचं बोलून घेऊ, कारण आईंची काळजी ती आहे. रंगांचा अर्थ परीक्षेत विचारत नाहीत. झेंड्याबद्दल विचारतात ते पट्टे तेरा का (सुरुवातीला तेरा वसाहती होत्या म्हणून) आणि तारे पन्नास का (राज्यं पन्नास म्हणून). राष्ट्रगीताचं नाव विचारू शकतात, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी कुठे आहे विचारू शकतात, त्याला न्यूयॉर्क हार्बर किंवा लिबर्टी आयलंड म्हटलं की झालं, आणि न्यू जर्सी म्हटलं तरी बरोबर धरतात, हे ऐकून आमच्या क्लासमध्ये हमखास टाळ्या पडतात! बाकी किती प्रश्न आणि कुठल्या यादीतून हे मात्र परिस्थितीवर आहे. अर्ज २० ऑक्टोबर २०२५ च्या आधी भरला असेल तर जुनी १०० प्रश्नांची यादी, दहा विचारणार, सहा बरोबर हवेत. त्या दिवशी किंवा नंतर भरला असेल तर १२८ ची यादी, वीस विचारणार, बारा बरोबर हवेत. आणि आईंना ग्रीन कार्ड मिळून वीस वर्षं झाली असतील तर वय ६५ च्या वर असल्यामुळे त्यांना फक्त वीस प्रश्नांची छोटी यादी आहे आणि ती परीक्षा मराठीतून देता येते, दुभाष्या घेऊन. किती वर्षं झाली ते तुम्ही लिहिलं नाहीये, तेवढं आधी बघा.

आता अर्थाकडे येते. मी क्लासमध्ये एकच सवय लावते, कुठल्याही चिन्हाचा अर्थ कुणी सांगितला की विचारायचं, हे कुणी म्हटलं आणि कधी म्हटलं. तीनच उत्तरं येतात. एक, कायद्यात किंवा ठरावात लिहिलंय. दोन, ज्यानं ते चिन्ह बनवलं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. तीन, लोकांनी नंतर तो अर्थ त्याला दिलाय. हे तीन कप्पे वेगळे ठेवले की अर्धा गुंता सुटतो. आणि तिसरा कप्पा खोट्याचा आहे असं मी अजिबात म्हणत नाही, उलट या देशाच्या चिन्हांमधलं मला सगळ्यात प्रिय जे आहे ते त्या तिसऱ्या कप्प्यातच आहे, ते शेवटी सांगते.

झेंड्याचा ठराव १४ जून १७७७ चा, फिलाडेल्फियात काँग्रेसनं, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेनं केलेला. अगदी छोटा आहे. लाल पांढरे आलटून पालटून तेरा पट्टे, आणि निळ्यावर तेरा पांढरे तारे, नव्या नक्षत्राचं प्रतीक म्हणून. संपलं. रंगाचा अर्थ नाही, तारे गोलात लावायचे की रांगेत तेही नाही, त्यामुळेच त्या काळातले झेंडे बघितलेत तर कुणी गोल केलाय, कुणी रांगा केल्यात, ज्यानं शिवला त्याची मर्जी. तारे कसे मांडायचे याचा सरकारी हुकूम थेट १९१२ मध्ये निघाला. रंग आले कुठून हे मात्र डोळ्यांना दिसतं, कारण त्याच्या आधीचा जो झेंडा १७७६ च्या सुरुवातीला सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याकडे होता त्यात पट्टे हेच तेरा होते आणि कोपऱ्यात चक्क इंग्रजांचा युनियन जॅक होता. भांडण चालू होतं पण फारकत झाली नव्हती. फारकत झाली तेव्हा कोपरा बदलला, रंग राहिले.

मग शौर्य, पावित्र्य वगैरे कुठून आलं? ते आलं राजमुद्रेवरून, म्हणजे ग्रेट सील, आईंच्या हातात उद्या जो निळा पासपोर्ट येईल त्याच्या कव्हरवर जो गरुड आहे तो. ही मुद्रा २० जून १७८२ ला मंजूर झाली, झेंड्यानंतर पाच वर्षांनी, आणि काँग्रेसचे सेक्रेटरी चार्ल्स थॉमसन यांनी सोबत स्वतःच्या हातानं टिपण जोडलं. त्यात लिहिलंय की पांढरा म्हणजे पावित्र्य आणि निष्पापपणा, लाल म्हणजे कणखरपणा आणि शौर्य, निळा म्हणजे सावधपणा, चिकाटी आणि न्याय. हे सगळं गरुडाच्या छातीवरच्या ढालीच्या रंगांबद्दल आहे. पुढे लोकांनी ते उचलून झेंड्याला लावलं आणि ते तिथे चिकटलं. माझ्याकडे एक जुना पासपोर्ट आणि एक रंगीत प्रिंट आहे ती मी क्लासमध्ये फिरवते, ढालीवरच्या पट्ट्या मोजायला सांगते. झेंड्यात कडेचे दोन्ही पट्टे लाल, म्हणजे सात लाल सहा पांढरे. ढालीत कडेच्या दोन्ही पट्ट्या पांढऱ्या, सात पांढऱ्या सहा लाल. एका बॅचमध्ये साताऱ्याकडच्या एक आजी होत्या, त्यांनी तीनदा मोजलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हे कापड वेगळं आणि हा शिक्का वेगळा, आणि आपण एकाचा अर्थ दुसऱ्याला सांगत बसलोय." इतक्या कमी शब्दांत मला ते कधी सांगता आलं नव्हतं.

तर आईंना सांगा, शौर्य-पावित्र्य-न्याय हे दुसऱ्या कप्प्यातलं आहे पण मूळ मुद्रेचं, आणि सैनिकांचं रक्त हे तिसऱ्या कप्प्यातलं आहे, युद्धात ज्यांची माणसं गेली त्यांनी त्या लालात जे बघितलं ते. कुणाच्या घरी झेंड्याची त्रिकोणी घडी काचेच्या पेटीत ठेवलेली असेल, म्हणजे मुलगा किंवा नवरा सैन्यात होता, तर तिथे जाऊन हा अर्थ चुकीचा आहे म्हणून सांगू नका. त्यांच्यासाठी तो खरा आहे.

त्या मुद्रेवर जरा थांबते, कारण तिच्याकडे कुणी नीट बघत नाही. ४ जुलै १७७६ लाच फ्रँकलिन, ॲडम्स आणि जेफरसन या स्वातंत्र्यलढ्यातल्या तीन नेत्यांची समिती नेमली होती मुद्रा ठरवायला, आणि मंजुरी मिळाली सहा वर्षांनी, तीन समित्या झाल्यावर. फ्रँकलिनना बायबलमधला मोझेस समुद्र दुभंगतोय आणि फॅरो बुडतोय असं चित्र हवं होतं. पहिल्या समितीचं बरंचसं बाजूला पडलं पण त्यांचा चित्रकार दु सिमितिएर यानं सुचवलेलं 'ई प्लुरिबस उनम', अनेकांतून एक, हे टिकलं. नव्या यादीत याचा अर्थ विचारतात, तेवढा आईंकडून पक्का करून घ्या. थॉमसननी सगळ्यांचं थोडं थोडं घेतलं आणि मधोमध अमेरिकन गरुड बसवला. एका पंजात ऑलिव्हची फांदी, दुसऱ्यात तेरा बाण, अर्थ त्यांनीच लिहिलाय, शांतता आणि युद्ध दोन्हीचा अधिकार काँग्रेसकडे आहे. लक्षात घ्या, काँग्रेसकडे, एका माणसाकडे नाही. राजापासून नुकतेच सुटलेले लोक होते ते. आणि ढाल गरुडाच्या छातीवर आहे, तिला धरायला बाजूला कुणी सिंह वगैरे नाही, इंग्रजांच्या मुद्रेला जसे सिंह आणि युनिकॉर्न आहेत तसे, याचंही कारण थॉमसननी दिलंय की या देशानं स्वतःच्या गुणांवर उभं राहावं. मला हे वाक्य दर वेळी सांगताना छान वाटतं. गरुडाचं तोंड युद्धाच्या वेळी बाणांकडे वळवतात असं कुणी सांगितलं तर ते मात्र खरं नाही, या मुद्रेवर तोंड फांदीकडेच असतं. घोटाळा झाला तो राष्ट्राध्यक्षांच्या वेगळ्या मुद्रेमुळे, तिच्यात पूर्वी तोंड बाणांकडे होतं आणि ते १९४५ मध्ये ट्रूमननी बदलून फांदीकडे केलं.

फ्रँकलिननी गरुडाऐवजी टर्की सुचवली होती ही गोष्टही मुलाच्या शाळेत येईलच, थँक्सगिव्हिंगला तर नक्की. तसं झालं नाही. त्यांनी १७८४ मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात एका माजी सैनिकांच्या संघटनेच्या बिल्ल्यावरून गरुडाची निंदा केली, दुसऱ्याचे मासे पळवतो, वाईट चालीचा पक्षी आहे म्हणून, आणि टर्की त्यापेक्षा बरी असं म्हटलं. मुद्रा त्याआधीच दोन वर्षं झाली होती. आणि गंमत बघा, गरुड अधिकृत राष्ट्रीय पक्षी झाला तो डिसेंबर २०२४ मध्ये! दोनशे चाळीस वर्षं सगळे त्याला राष्ट्रीय पक्षी म्हणत होते आणि कायद्यात ते कुठेच नव्हतं. मधल्या काळात तो जवळजवळ संपलाही होता, १९६३ मध्ये अलास्का आणि हवाई सोडून बाकीच्या देशात ४१७ जोड्या उरल्या होत्या, डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटायची. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, आणि २००७ मध्ये तो धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला. चिन्ह म्हणून पुजलं आणि प्राणी म्हणून सांभाळलं नाही असं होऊ शकतं, आपल्याकडेही नद्यांचं तेच झालंय.

आता ते पिरॅमिडचं फॉरवर्ड. पिरॅमिड आणि डोळा म्हणजे याच मुद्रेची मागची बाजू. पिरॅमिड म्हणजे ताकद आणि टिकाऊपणा हे थॉमसननी लिहिलंय, वरचा डोळा म्हणजे देवाची कृपादृष्टी, पायथ्याशी रोमन आकड्यांत १७७६ आणि खाली लॅटिनमध्ये युगांचा नवा क्रम असं काहीसं. पिरॅमिड तेरा पायऱ्यांचा आणि अर्धवट ठेवलेला आहे. गुप्त संघटनेचं म्हणाल तर ज्यांनी यावर काम केलं त्यांच्यात फ्रीमेसन (फॉरवर्डवाले गुप्त म्हणतात ती बंधुसंघटना) म्हणून पक्के माहीत असलेले फ्रँकलिन, आणि त्यांच्या चित्रात पिरॅमिड नव्हताच. अर्धवट पिरॅमिड त्याआधी फ्रान्सिस हॉपकिन्सननी १७७८ च्या पन्नास डॉलरच्या नोटेवर काढला होता, आणि मुद्रेसाठी तो विल्यम बार्टन यांनी १७८२ मध्ये सुचवला. एक डॉलरच्या नोटेवर हे सगळं आलं १९३५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात. ग्रुपवर वाद घालत बसू नका, एवढ्या तारखा टाका आणि पुढे चला.

बेट्सी रॉसबद्दल मुलाला हळुवार सांगा. बाई खरी होती, फिलाडेल्फियात शिवणकामाचा धंदा होता आणि १७७७ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या जहाजांसाठी झेंडे शिवल्याचे पैसे तिला मिळाल्याची नोंद आहे. पण वॉशिंग्टन तिच्या दुकानात आले आणि तिनं पहिला राष्ट्रध्वज शिवला ही गोष्ट तिच्या नातवानं १८७० मध्ये, जवळजवळ शंभर वर्षांनी, घरात ऐकलेली म्हणून सांगितली, त्या काळचा कागद एकही नाही. उलट वर सांगितलेले हॉपकिन्सन यांनी १७८० मध्ये झेंड्याच्या डिझाइनबद्दल काँग्रेसकडे बिल लावलं होतं, आधी वाइनचं पिंप मागितलं मग पैसे, आणि काँग्रेसनं दिलं नाही. ज्या बाईनं शिवलेला झेंडा आजही डोळ्यांनी बघता येतो ती बाल्टिमोरची मेरी पिकर्सगिल, १८१३ मध्ये तिनं तिथल्या फोर्ट मॅकहेन्री किल्ल्यासाठी ४२ फूट लांब ३० फूट उंच झेंडा शिवला, पुढच्या सप्टेंबरात रात्रभर इंग्रजांचा मारा झाल्यावर सकाळी तो फडकताना बघून फ्रान्सिस स्कॉट की यांनी जे लिहिलं ते आजचं राष्ट्रगीत, मान्यता मात्र १९३१ ची. तो झेंडा वॉशिंग्टन डीसीत स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या म्युझियममध्ये आहे. मुलाला सांगा त्यातले पट्टे मोज. पंधरा आहेत! कारण व्हरमाँट आणि केंटकी आल्यावर १७९५ पासून तारे आणि पट्टे दोन्ही वाढवले होते. राज्यं वाढत चालली तेव्हा लक्षात आलं की असं चालणार नाही, मग १८१८ मध्ये ठरलं की पट्टे परत तेरा, कायमचे, आणि वाढतील ते तारे. आजचा पन्नास ताऱ्यांचा झेंडा ४ जुलै १९६० चा आहे, म्हणजे तुमच्या आईंच्या वयाहून थोडा लहानच. हे आईंना जरूर सांगा, पट्टे म्हणजे मूळ घर आणि तारे म्हणजे आजचं कुटुंब, असं सांगितलं की आमच्याकडे कुणी तेरा आणि पन्नासमध्ये गडबड करत नाही.

आता तो तिसरा कप्पा. फिलाडेल्फियाला जाणं झालं तर लिबर्टी बेल बघा. ती घंटा लंडनहून १७५२ मध्ये आली तेव्हा ती फक्त पेन्सिल्व्हेनियाच्या सभागृहाची घंटा होती, पहिल्याच टोल्याला तडकली, तिथल्याच दोन कारागिरांनी वितळवून परत ओतली. तिच्यावर बायबलमधली ओळ आहे, साऱ्या देशात सर्व रहिवाशांना स्वातंत्र्य जाहीर करा अशा अर्थाची. स्वातंत्र्याच्या लढ्यात तिला कुणी लिबर्टी बेल म्हणत नव्हतं. हे नाव दिलं गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लोकांनी, १८३० च्या दशकात. त्यांनी ती ओळ वाचली आणि विचारलं, सर्व रहिवाशांना म्हणजे कुणाला? लाखो माणसं साखळदंडात असताना ही घंटा कुणासाठी वाजते? लोकांनी नंतर दिलेला अर्थ म्हणून मी जो म्हणते तो हा. मूळ अर्थापेक्षा मोठा आणि मूळ अर्थाला जाब विचारणारा.

स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचं तर दोनदा झालं. फ्रान्समधले एदुआर लाबुले हे गुलामगिरीचे कट्टर विरोधक, इथलं यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेली त्या सुमारास त्यांच्या डोक्यातून ही भेट निघाली. शिल्पकार बार्तोल्दी, आतला लोखंडी सांगाडा आयफेलचा, पुतळ्याचं लोकार्पण झालं २८ ऑक्टोबर १८८६ ला. हातातल्या पाटीवर ४ जुलै १७७६. सुरुवातीच्या एका नमुन्यात तिच्या डाव्या हातात तुटलेली साखळी होती, पुढे हातात पाटी आली आणि साखळी पायाशी गेली. स्थलांतरितांशी तिचा मूळ संबंध नव्हता. चौथऱ्याला पैसे कमी पडत होते म्हणून एमा लॅझरस यांनी १८८३ मध्ये थकलेल्या, गरीब माणसांना बोलावणारी कविता लिहून दिली, ती १९०३ मध्ये ब्राँझच्या पाटीवर तिथे लागली, त्या वयाच्या अडतिसाव्या वर्षीच गेल्या होत्या. दरम्यान १८९२ पासून जवळच्याच एलिस आयलंडला, म्हणजे स्थलांतरितांची तपासणी व्हायची त्या बेटावर, बोटी यायला लागल्या, आणि डेकवरून आधी जी दिसायची ती ही बाई. अर्थ त्या बोटीतल्या लोकांनी बदलला.

आणि इथे मी क्लासमध्ये एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. ती पाटी लागली तेव्हा आपल्यासारख्यांना इथलं नागरिकत्व मिळेल याची काही खात्री नव्हती. भगतसिंग थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायद्याच्या अर्थानं ते गोरे नाहीत म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत, आणि ज्या भारतीयांना आधी मिळालं होतं त्यांच्यातल्या अनेकांचं काढून घेतलं गेलं. दार उघडलं १९४६ मध्ये, ल्यूस-सेलर कायद्यानं, तेही भारतातून वर्षाला शंभर माणसं. तुमच्या आई शपथ घेतील तेव्हा त्यांच्या हातात जो छोटा झेंडा देतील तो मिळायला थिंदना १९३६ पर्यंत थांबावं लागलं, माजी सैनिकांसाठी वेगळा कायदा झाल्यावर. हे परीक्षेत येत नाही. पण अर्थ कळल्याशिवाय पाठ करणार नाही म्हणणाऱ्या बाईंना हे कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही न्यू जर्सीतच आहात म्हणून एक करा. इंटरव्ह्यूच्या आधीच्या एखाद्या मोकळ्या दिवशी आईंना घेऊन जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कवरून फेरी घ्या. साखळी खालून जवळजवळ दिसत नाही, चौथरा इतका उंच आहे की पावलं झाकली जातात, त्यामुळे वरून काढलेला फोटो फोनवर आधी शोधून ठेवा आणि बोटीतच दाखवा. उजवी टाच उचललेली आहे बघा, असं सांगा. ती तिथे नुसती उभी नाहीये, तुटलेली साखळी मागे टाकून पाऊल पुढे टाकतेय.